एसटी स्टँडवरच्या बिडीच्या धुराचं काय करू?

चाफेकळी: मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. बिडी कधी ओढली नाही, पण निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं. तपासणीला एसटीनेच जावं लागतं. फलाटावर शेजारी कुणीतरी पेटवतोच. छाती आवळते, श्वासाच्या औषधाचा पंप काढावा लागतो. बोललं तर म्हणतात, "मावशी, उघड्यावर तर ओढतोय!" भांडायला दम कुठून आणू?

सह्यवाट: ताई, त्यांचं म्हणणं खोटं आहे. २००३च्या तंबाखू कायद्याखालचे सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ला लागू झाले, त्यात उघडं असलं तरी बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनही येतं. दंड २०० रुपयांपर्यंत. ओढणाऱ्याशी वाद नको, थेट वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीवर सांगा.

औषधवाली: एन-९५ मास्क धुराचे कण अडवतो, वायू नाही. म्हणून आधी लांब सरका, वारा येतो त्या बाजूला. आणि पंप पूर्वीपेक्षा जास्त लागत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.

चाफेकळी: मास्क लावून एसटीची पायरी चढताना जीव घाबरतो हो. बसल्यावर लावीन. खिडकीवर मात्र नक्की सांगते. तिथे लहान लेकरंही असतात, त्यांनी तो धूर का घ्यायचा?