मुलांना घरी शिकवणं: ख्रिस्ती आईचं कर्तव्य, की मुलांना जगापासून लांब ठेवणं?

ऐरोलीची आई (धागाकर्ती):
जय ख्रिस्त. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनाही घरीच शिकवते. मंडळीतल्या बहिणी सारख्या विचारतात, म्हणून इथे मांडते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात देवाची वचनं मुलांना कधी शिकवायची ते स्पष्ट आहे: घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. एवढं काम संडे स्कूलच्या तासाभरावर सोडायला माझं मन धजत नाही. सकाळची प्रार्थना झाली की गणित, मग मराठी. मुलगी स्तोत्रं मोठ्याने वाचते, जोडाक्षरावर अडली की बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघते. ते बोट साठ मुलांच्या वर्गात कोण पाहणार? थंडीत खाडीवर फ्लेमिंगो आले की आमचा भूगोल तिथेच. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, तो का, हे तिने नकाशा पुढ्यात घेऊन समजून घेतलं. पंडिता रमाबाईंनाही संस्कृत त्यांच्या आईनेच शिकवलं होतं.

ठाण्याच्या निवृत्त बाई:
आणि त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही शाळा काढली! आईकडून मिळालेली विद्या त्यांनी घरात ठेवली नाही. बाळ, तुझ्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण मला हे पटत नाही. बायबलमधला दानीएल परक्या बाबेलमध्ये तिथल्या खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकला, तरी प्रार्थनेला गुडघे टेकायचं त्याने सोडलं नाही. आपण इथे मूठभर आहोत. बाकावर शेजारी बसणारीचा रोजा असतो, कुणी डब्यातून मोदक आणते, कुणी विचारते, "तुम्ही चर्चमध्ये काय करता?" उत्तर द्यायला मूल तिथेच शिकतं. आईसमोर पाठ म्हटलेला विश्वास वेगळा.

ऐरोलीची आई:
बाई, आमच्या सोसायटीत सगळ्या घरांतली मुलं संध्याकाळी एकत्रच खेळतात. हे प्रश्न तिला तिथेही विचारतात आणि ती उत्तरं देते. त्यासाठी रोजचे सहा तास शाळेत घालवायलाच हवेत असं नाही.

नेरूळकर:
ताई, माझा मुद्दा वेगळाच आहे. तो अध्याय "हे इस्राएला, ऐक" म्हणतो. फक्त आयांना हाक मारत नाही. तुमच्या सगळ्या लिहिण्यात मुलांचे बाबा कुठेच नाहीत. स्वयंपाक, अभ्यास, प्रार्थना सगळं एकीनेच करायचं आणि त्याला मातृधर्म म्हणायचं? तुम्ही आजारी पडलात की शाळा बंद. हे मी दोष द्यायला लिहीत नाही, मला खरंच काळजी वाटते.

वाशीचा बाबा:
परीक्षेचं बघून ठेवा. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या ओबीईत, म्हणजे मूलभूत शिक्षणाच्या अभ्यासक्रमात, ए, बी, सी या पातळ्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या आहेत. तिथे दहावीला वय १४ पूर्ण लागतं. जन्मदाखला आणि आधारवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे ना, आत्ताच तपासा.

ऐरोलीची आई:
आभारी आहे. नेरूळच्या ताई, तुमचं लिहिणं यजमानांना वाचून दाखवलं. शनिवारचं विज्ञान आणि रोजची निजायच्या वेळची प्रार्थना आता ते घेणार आहेत. घरचं शिक्षण मात्र सुरूच राहील.

ठाण्याच्या निवृत्त बाई:
बाबा पुढे आले, बरं वाटलं. माझं मत तेच आहे. निदान पाचवीला तरी लेकीला शाळेत घाल. गणित अडलं तर तोवर शनिवारी माझ्याकडे पाठव.