आयनूंच्या चाशी : तटबंदी पुन्हा उभारावी का?

प्रश्न
जपानमधील १०० नामवंत किल्ल्यांच्या यादीत पहिला क्रमांक उत्तरेकडील होक्काइदो बेटावरच्या नेमुरो द्वीपकल्पावरील चाशींना, म्हणजे तेथील मूळनिवासी आयनू लोकांच्या टेकडीवरील तटबंद जागांना, दिलेला आहे. छायाचित्रांत मात्र समुद्रकड्यावर गवत आणि अर्धवर्तुळाकार खंदक यांपलीकडे काही दिसत नाही. पाहणाऱ्याला समजावे म्हणून तेथे लाकडी कुंपण पुन्हा का उभारत नाहीत?

प्रतिसाद १
तो क्रमांक थोरवीचा नव्हे. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, एवढेच. होक्काइदोत पाचशेहून अधिक चाशींची नोंद असून बहुतेक सोळाव्या ते अठराव्या शतकांतील आहेत. १६६९ च्या आयनूंच्या उठावात त्यांचा नायक शाकुशाइन याचे ठाणे असलेली शिबेचारी चाशी लढाईशी जोडलेली आहे हे खरे, परंतु इतरत्र सभा, विधी किंवा टेहळणी हेही उपयोग संभवतात. मग नक्की कोणते रूप उभारायचे?

प्रतिसाद २
माझा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. चाशीचा काळ ठरवण्यासाठी ज्वालामुखीच्या राखेचे थर फार उपयोगी पडतात. तारुमाए पर्वताचे मोठे उद्रेक १६६७ आणि १७३९ मध्ये झाले. एखादा खंदक पहिल्या उद्रेकाच्या राखेचा थर कापून खणलेला असेल आणि दुसऱ्या उद्रेकाची राख त्याच्या तळाशी साचलेली असेल, तर तो या दोन वर्षांच्या दरम्यानचा ठरतो. नव्या खांबांसाठी खड्डे घेतले, की हाच पुरावा विस्कटतो. (लेखी साधने तुटपुंजी असल्यामुळे येथे मातीच दप्तराचे काम करते.) नेमुरोतील ३२ पैकी २४ चाशींना १९८३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तो जमिनीवर दिसणाऱ्या याच आकारांसाठी.

प्रतिसाद ३
उत्खननाची नोंद ठेवली म्हणजे जतन झाले, असेही नाही. होक्काइदोतीलच निबुतानी येथील युओइ आणि पोरोमोइ या चाशींचे उत्खनन झाले ते धरण होणार होते म्हणून. १९९७ मध्ये साप्पोरो जिल्हा न्यायालयाने आयनू संस्कृतीचा पुरेसा विचार न करता केलेले भूसंपादन बेकायदेशीर ठरवले, तरी धरण पूर्ण झालेले असल्यामुळे ते राहिले.

प्रश्नकर्ता
म्हणजे जागेवर काही न उभारता प्रतिकृती संग्रहालयात ठेवावी, हे पटते.

प्रतिसाद ३
होय, आणि निर्णयात आयनूंचा सहभाग हवा. १७८९ च्या आयनूंच्या उठावानंतर नेमुरोतील नोक्कामाप्पू येथे ३७ आयनूंना मृत्युदंड दिला गेला. त्याच परिसरात चाशी आहेत आणि त्या मृतांसाठी आयनू आजही दरवर्षी तेथे इचार्पा हा विधी करतात.