मदत हवी आहे: बाथरूममधलं प्लास्टिक कमी करतेय, बोअरच्या पाण्यात शाम्पू बारने केस चिकट होतात (नाशिक)

नमस्कार मंडळी, आधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या प्लीज, मला शोधून सापडला नाही.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याकडे राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतली लेक. यंदा पूर ओसरल्यावर सासूबाईंना घेऊन गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) गेले होते, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या, ज्यावरून नाशकात पूर मोजतात, कमरेला पाणी लागलं होतं तेव्हाचा पूर. पायऱ्यांवरच्या गाळात, कठड्याला, जिथे बघावं तिथे शाम्पूच्या पुड्यांच्या माळा अडकलेल्या, चिखलातून काढून पुसल्या तर रंग अगदी नव्यासारखा. सासूबाई पाण्याला हात लावायला वाकल्या तर हाताला आधी पुडीच लागली. त्या काही बोलल्या नाहीत, ती पुडी हातातच धरून रिक्षापर्यंत आल्या. मला ते फार लागलं. घरी येऊन बाथरूममधलं सगळं बाहेर मांडलं तर चार माणसांत १९ बाटल्या आणि ट्यूबा निघाल्या.

तेव्हापासून एकेक गोष्ट बदलतेय. काही बदल अगदी सहज झाले. बॉडीवॉश, हँडवॉश बंद करून कागदात गुंडाळलेली साबणाची वडी आणली. प्लास्टिकच्या जाळीच्या घासणीऐवजी वाळलेलं गिलकं, सासूबाईंनी गच्चीतल्या वेलावर मुद्दाम दोन जून होऊ दिली, साल काढून आपटलं की काळ्या बिया खडखड पडतात आणि आत मस्त जाळी निघते. डिओऐवजी तुरटीचा खडा ओला करून. कानाचे बड तर १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काडीचे देशभर बंदच झालेत, आता कागदी काडीचे मिळतात. नवऱ्याला सासऱ्यांचं जुनं स्टीलचं रेझर कपाटात सापडलं, त्यात साधं ब्लेड बसतं. वापरलेली ब्लेडं मात्र आम्ही चहाच्या पत्र्याच्या डब्यात साठवतो, सुटी टाकली तर घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापेल.

आता जिथे अडकलेय ते.

१. केस. हा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम. ऑनलाइन एक शाम्पू बार मागवला, साडेतीनशे रुपयांचा, कागदी खोक्यात. पहिल्या धुण्यालाच केस असे झाले की कंगवा फिरेना, मेण लावल्यासारखे, आणि कंगव्याच्या दातांत पांढरट काहीतरी साचत होतं. सगळे म्हणतात केसांना सवय व्हायला वेळ लागतो, मी पाच आठवडे थांबले, काही फरक नाही. लेकीने तर दोनदा वापरून सोडून दिला, शाळेत तेलकट केस घेऊन जायला तिला लाज वाटते आणि मला तिच्यावर जबरदस्ती करायची नाहीये. आमच्याकडे महापालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं ते प्यायला आणि स्वयंपाकाला, अंघोळीला बोअरचं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल एकदा बदलून झालीय. म्हणजे पाण्याचाच दोष आहे का? की बारच वाईट निघाला?

सासूबाई शिकेकाईच वापरतात आणि त्यांचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. पण ते रोजच्या धावपळीत कसं बसवायचं? पावडर वापरून बघितली तर कण केसात अडकून बसतात, दिवसभर खांद्यावर गळतात.

२. दात. बांबूचा ब्रश आणला, त्याचे केस नायलॉनचेच असतात हे नंतर कळलं, टाकताना पकडीने उपटून काढते. तरी दांडा तरी लाकडाचा. पण टूथपेस्टच्या ट्यूबचं काय करायचं? बऱ्याच ट्यूबांत प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात म्हणून भंगारवाला हात लावत नाही. शाम्पूची बाटली तरी घेतो, पुडी आणि ट्यूब नाही. मंजनावर जावं म्हटलं तर लेकीच्या दाढेत नुकतंच सिमेंट भरलंय आणि डॉक्टरीणबाईंनी फ्लोराइडची पेस्ट सोडू नका म्हणून बजावलंय.

३. लेकीचे पॅड. मी स्वतः दोन वर्षं पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरतेय, मला काही त्रास नाही. तिला कापडी पॅड दिले तर पावसाळ्यात ते वाळत नाहीत आणि दमट पॅड द्यायची भीती वाटते. ज्यांच्या मुली वापरतात त्यांनी सांगा, किती लागतात, कुठे वाळवता?

प्रतिसाद १
ताई, पाणीच कारण आहे, पण बारचा प्रकारही बघा. बार दोन तऱ्हेचे असतात. खोक्यावर सुरुवातीलाच सोडियम पामेट, सोडियम कोकोएट असं असेल तर तो साबणच, नाव काही का असेना. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा साका होतो आणि तोच केसांवर बसतो, तुमच्या कंगव्यात येतो तो हाच. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट लिहिलेला घ्या, तो साबण नाही, जड पाण्यात साका धरत नाही. शिकेकाईचा साबण म्हणून मिळतो तोही बहुतेक वेळा साबणच असतो, फसू नका. आत्ताचा संपवायचा असेल तर शेवटी मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केसांवरून ओता, थर बराच सुटतो.

प्रतिसाद २
पावडर नकोच, शेंगाच घ्या. मी रविवार कारंजाच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानातून सुट्या आणते, कापडी पिशवी नेते. चार-पाच शेंगा, सात-आठ रिठे बिया काढून, मूठभर आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळी निम्मं होईपर्यंत उकळून सुती फडक्यातून गाळायचं, एकही कण राहत नाही. शिकेकाई-रिठ्याचा जड पाण्यात साका होत नाही हे मोठं सुख. डोळे मात्र घट्ट मिटा, रिठ्याने फार आग होते. आणि पेस्टचं डॉक्टरांचं ऐका, लहान ट्यूबा घेण्यापेक्षा मोठी एकच घ्या आणि वाटाण्याएवढीच लावा. मुलीच्या दातापुढे एक ट्यूब काही नाही.

प्रतिसाद ३
माझ्या लेकीला सहा कापडी पॅड पुरतात, शाळेच्या दिवशी विकतचे आणि घरी कापडी. पावसाळ्यात सरळ विकतचेच, उगाच जीवाला घोर नको. ऊन पडलं की परत सुरू.

धागाकर्ती
सगळ्यांना मनापासून थँक्यू. खोकं अजून ठेवलेलं होतं, काढून बघितलं तर पहिलंच नाव सोडियम पामेट. रात्री लेकीला घेऊन दोन काचेच्या बरण्या मांडल्या, एकीत आरओचं पाणी आणि एकीत बोअरचं, दोन्हीत बारचा नखाएवढा तुकडा टाकून हलवल्या. आरओची बरणी तोंडापर्यंत फेसाने भरली. बोअरच्या बरणीत फेस जेमतेम, आणि वर दूध फाटल्यासारखे पांढरे कण तरंगत होते. लेक म्हणाली, आई हे आपण डोक्यावर घेत होतो?

तो बार आता हात धुवायला लावलाय. या रविवारी सासूबाईंनी नातीच्या डोक्यावर शिकेकाई घातली, महापालिकेचं पाणी सकाळीच एका बादलीत भरून ठेवलं होतं. केस वाळल्यावर तिने स्वतःहून मोकळे सोडले. पण मधल्या वारी तिला सात वाजता निघायचं असतं, तेव्हा तो दुसऱ्या तऱ्हेचा बार लागेलच. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे कुठल्या दुकानात कुरिअरच्या प्लास्टिकशिवाय हातात मिळतो का? आणि आपली बाटली नेऊन शाम्पू भरून देणारं कोणी नाशकात असेल तर तेही सांगा, सिडको-इंदिरानगर बाजूला असलं तर फारच बरं.