हत्तीरोगाच्या गोळ्या घरात पोचतात, पोटात जात नाहीत. काय करावं?

धानपट्टा
पूर्व विदर्भातल्या एका गावात हत्तीरोगाच्या सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेत आशाताईंच्या जोडीला स्वयंसेवक म्हणून फिरायचं आहे. मागच्या फेरीच्या नोंदवहीत बहुतेक घरांपुढे गोळ्या दिल्याची खूण आहे, पण त्याच गोळ्या फडताळात पडलेल्या दिसतात. धडधाकट माणसं म्हणतात, ‘ज्याचा पाय सुजलाय त्याला द्या, आम्हाला काय झालंय?’ पाय सुजलेले म्हणतात, ‘गोळ्या खाल्ल्या, पाय काही उतरला नाही,’ आणि वैदूकडे जातात. दोघांना काय सांगायचं? शिवाय रात्री रक्त घ्यायला पथक आलं की लोक दार उघडत नाहीत. हे काम दिवसा का होत नाही?

काचपट्टी
आधी रक्ताचं सांगतो. हा रोग ज्या जंतांमुळे होतो, ते मोठे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत राहतात. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभरच्या रक्तात उतरतात. रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. रात्री १० ते २ या वेळात रक्तातल्या पिल्लांची संख्या सगळ्यांत जास्त असते. दुपारी बोट टोचून केलेली काचपट्टी कोरी निघते आणि माणूस ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणत खुशाल फिरतो.

उलटा घोटाळाही होतो. वर्षानुवर्षं पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात रात्रीसुद्धा बहुधा काही सापडत नाही, कारण जंत मरून गेलेले असतात, वाहिन्यांचं नुकसान तेवढं उरलेलं असतं. म्हणून ‘रक्तात नाही, म्हणजे हा हत्तीरोग नाही, करणी आहे’ असा निष्कर्ष निघतो.

दिवसा चालणारी पट्टीची चाचणी आहे. ७५ मायक्रोलिटर रक्त टाकायचं आणि बरोबर १० मिनिटांनी वाचायचं. चहा पिऊन येतो म्हणत अर्ध्या तासाने पाहिली तर नसलेली रेघही उमटलेली दिसू शकते. पण ही पट्टी मोठ्या जंताचा अंश दाखवते. रक्तात पिल्लं फिरताहेत का, हे रात्रीच्या काचपट्टीवरच कळतं. दार उघडायला लावायचं असेल तर पथक येण्याच्या आदल्या दिवशी घरोघरी हे सांगून ठेवा, आणि पथकाबरोबर गावातलं एक ओळखीचं माणूस द्या.

आडवाट
धानपट्टा, तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. गावात ‘दुखतं त्याला औषध’ हा हिशोब चालतो आणि इथे तो उलटा पडतो. ज्याच्या रक्तात पिल्लं आहेत त्याला काहीही होत नसतं, पण त्याला चावलेला डास रोग पुढे नेतो. गोळी मुख्यतः त्याच्यासाठी. डीईसी, म्हणजे मोहिमेतली हत्तीरोगाची मुख्य गोळी, पिल्लं मारते, मोठे जंत सगळे मरत नाहीत आणि ते कित्येक वर्षं जगतात. म्हणून फेऱ्या पुन्हा पुन्हा येतात. ‘मागच्या वर्षी खाल्ली होती’ याला हेच उत्तर.

डोस तोंडपाठ ठेवा. डीईसी १०० मिलिग्रॅमची गोळी: २ ते ५ वर्षं १, ६ ते १४ वर्षं २, १५ च्या पुढे ३. सोबत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम १ गोळी, चावून खायची. लहान मुलाला कुस्करून द्या, अख्खी दिली तर घशात अडकते. नागपूर जिल्ह्यात जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली ती तीन औषधांची पद्धत असेल, तर आयव्हरमेक्टिनही असतं. ते वयावर नाही, उंचीवर: ९० ते ११९ सेंटिमीटर १, १२० ते १४० ला २, १४१ ते १५८ ला ३, त्यापुढे ४ गोळ्या. ५ वर्षांखालच्यांना आयव्हरमेक्टिन नाही. २ वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना यातलं काहीच द्यायचं नाही.

आता नेमकं चुकतं कुठे? पथक सकाळी १०-११ ला जातं. शेतावर गेलेला तरणा माणूस घरी नसतो. म्हातारी म्हणते, ‘ठेवून जा, देते त्याला.’ तिथेच मोहीम बुडते. गोळ्या ठेवून यायच्या नाहीत. संध्याकाळी जेवणानंतर दुसरी चक्कर मारा, समोर गिळायला लावा, मगच बोटाला शाई आणि वहीत खूण. एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी खरोखर गिळली तरच फेरीचा उपयोग. वाटपाचा आकडा कितीही मोठा असो, डासाला तो वाचता येत नाही.

धानपट्टा
समोर गिळायला लावू. पण गोळी खाल्ल्यावर कुणाला ताप आला, की अख्खी आळी तोंड फिरवते. त्याचं काय?

आडवाट
ते आधीच सांगायचं, नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. रक्तातली पिल्लं एकदम मरतात तेव्हा ताप, डोकेदुखी, मळमळ, अंगदुखी होते. म्हणजे ज्याला ताप आला त्याच्या अंगात बहुधा पिल्लं होतीच. एक-दोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल आणि आराम पुरतो. चक्कर येऊन पडणं, श्वास लागणं असं झालं तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. उपाशीपोटी दिलेल्या गोळीने मळमळ वाढते, म्हणून ‘काय खाल्लंय?’ हा पहिला प्रश्न. शेजारच्याच घरी बसून चर्चा ऐकू येईल एवढं थांबा. अफवा तिथून निघते.

पाणवठा
पाय सुजलेल्यांनी काय करायचं, हे कुणी बोललं नाही. त्यांना गोळीपेक्षा साबण-पाण्याची गरज जास्त आहे. बोटांच्या बेचक्यात चिखली किंवा भेग असते, तिथून जंतू शिरतात, पाय लाल होऊन थंडी-ताप येतो, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज आणखी टणक होते. झटके थांबवले की पाय वाढायचा थांबतो.

रोज साध्या पाण्याने, गरम नाही, साधा साबण लावून मांडीपासून खाली धुवायचं. मळ निघून पाणी नितळ येईपर्यंत. मग मऊ सुती कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. चिंधीची बारीक वळी करून प्रत्येक बेचक्यातून ओढून घ्या; लोक हेच टाळतात आणि ओल तिथेच राहते. चिखली असेल तर बुरशीचं मलम. झोपताना खाटेच्या पायथ्याखाली विटा. उभं राहून टाचा वर-खाली. टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असं किट आरोग्य खात्याकडून मिळतं, उपकेंद्रात नाव नोंदवा.

झटका आलेला असताना व्यायाम बंद, हत्तीरोगाच्या गोळ्याही बंद. थंड पाण्याची पट्टी, विश्रांती, आणि डॉक्टरांकडून अँटिबायोटिक. डाग देणं, चिरा देऊन रक्त काढणं, पाला गच्च बांधणं यातून नवी जखम होते. वैदूशी भांडू नका, रोग्याला एवढंच सांगा की कातडी फुटेल असं काहीही करू देऊ नकोस.

काचपट्टी
हत्तीरोगाने अंडवृद्धी झालेले, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठलेले, विसरू नका, ते स्वतःहून बोलत नाहीत. पुरुष कार्यकर्त्याने एकट्यात विचारायचं. सुईने पाणी काढलं तर पुन्हा भरतं, वर जंतुसंसर्गाची भीती. शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. रोवणी आणि कापणीच्या मधल्या मोकळ्या दिवसांची तारीख घ्या, नाहीतर माणूस नाव देतो आणि येत नाही.

धानपट्टा
संध्याकाळच्या चकरीची यादी आळीवार करायला घेतो. उंचीच्या खुणा पाडलेली काठी उपकेंद्रात मिळते का, की आम्हीच करून घ्यायची?

आडवाट
मोहिमेच्या साहित्यात येते. कमी पडली तर बांबूवर चार खुणा करा, पण शाळेच्या पट्टीने मोजून, अंदाजाने नाही.