‘असाइन’ आणि ‘डेलिगेट’ : काम देण्याचे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

तळटीप (धागाकर्ता)

कार्यालयीन ईमेलमध्ये अलीकडे ‘असाइन’ हा शब्द जणू उर्मट ठरला आहे आणि त्याच्या जागी सर्रास ‘डेलिगेट’ लिहिले जाते. माझ्या मते ही अदलाबदल चुकीची आहे आणि तिचा फटका भाषेपेक्षा काम करणाऱ्याला जास्त बसतो. ‘असाइन’चे मूळ लॅटिनमधल्या ‘खूण करून देणे, आखून देणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, तर ‘डेलिगेट’चे ‘प्रतिनिधी म्हणून पाठवणे’ या अर्थाच्या क्रियापदात. ‘या यादीतल्या ग्राहकांना ठरलेला मजकूर शुक्रवारपर्यंत पाठवा’ असे सांगितले, तर काम नेमून दिले. ‘ग्राहकांच्या तक्रारी तुम्ही हाताळा, कोणाला किती सवलत द्यायची ते तुम्हीच ठरवा’ असे सांगितले, तर सांगणाऱ्याच्या अधिकाराचा एक हिस्सा ऐकणाऱ्याकडे गेला. पहिल्या प्रकाराला ‘डेलिगेट केले’ म्हणणे म्हणजे अधिकार एक छटाकही न देता विश्वास टाकल्याचा आव आणणे होय.

व्याकरणातही फरक आहे. इंग्रजीत ‘असाइन्ड हर अ टास्क’ बिनदिक्कत चालते, पण ‘डेलिगेटेड हर अ टास्क’ खटकते. तिथे ‘डेलिगेटेड अ टास्क टू हर’ अशीच रचना लागते.

कारकून

असहमत. शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या लॅटिन पणजोबांना विचारून ठरत नाही. आपल्या वाट्याचे काम हाताखालच्या माणसाला देणे, एवढाच अर्थ इंग्रजी बोलणारी बहुतेक माणसे ‘डेलिगेट’ला देतात आणि शब्दकोशांनीही तो नोंदवला आहे. भेद करायचाच असेल तर तो असा करावा की जे काम मुळात माझे होते ते मी ‘डेलिगेट’ करतो आणि जे कोणाचेच नव्हते, नुसते वाटायचे होते, ते ‘असाइन’ करतो. अधिकार दिला की नाही, हा प्रश्न शब्दाचा नसून साहेबाच्या स्वभावाचा आहे.

रुग्णसेविका

हा भेद केवळ स्वभावावर सोडता येत नाही, असे मानणारे एक क्षेत्र आहे. अमेरिकेतील परिचर्या मंडळांची राष्ट्रीय परिषद आणि तेथील परिचारिका संघटना यांनी २०१९ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या दोन शब्दांच्या व्याख्या वेगळ्या दिल्या आहेत. परिचारिकेच्या हाताखालच्या सहायकाच्या मूळ प्रशिक्षणात आणि नेहमीच्या कामात जे येते ते सांगणे म्हणजे ‘असाइनमेंट’. त्यापलीकडचे एखादे विशिष्ट कौशल्य, त्यासाठी जादा प्रशिक्षण देऊन आणि क्षमता पडताळून, करू देणे म्हणजे ‘डेलिगेशन’. त्यातही रुग्णाविषयीचे उत्तरदायित्व परिचारिकेकडेच राहते. म्हणजे नाडी आणि ताप नोंदवण्याचे सहायकाचे रोजचे काम दोनदा ‘डेलिगेट’ म्हटल्याने ‘डेलिगेशन’ होत नाही.

कारकून

एका व्यवसायाने आपल्या सोयीसाठी केलेली व्याख्या तिथे बंधनकारक असेल, पण ती सगळ्यांवर लादू नये. करारांच्या कायद्यात हीच जोडी पूर्णपणे वेगळ्या रेषेवर तुटते. तिथे हक्क ‘असाइन’ होतात आणि कर्तव्ये ‘डेलिगेट’ होतात. येणे असलेली रक्कम वसूल करण्याचा हक्क मी दुसऱ्याला ‘असाइन’ केला, तर तो हक्क माझ्या हातून गेला. यात नेमून देणेही नाही आणि आखून देणेही नाही. मग धागाकर्ते कोणता अर्थ खरा मानणार, परिचारिकांचा की वकिलांचा?

तळटीप

वकिलांचे उदाहरण माझ्याच बाजूला झुकते. कर्तव्य ‘डेलिगेट’ केले म्हणून मूळ पक्ष सहसा सुटत नाही. काम बिघडले तर समोरचा त्यालाच जाब विचारू शकतो आणि सुटायचे असेल तर समोरच्याची संमती घ्यावी लागते. ज्याच्याकडे अधिकार सोपवला आहे त्याने तो पुढे तिसऱ्याकडे सोपवू नये, हे जुने लॅटिन सूत्रही त्याच विचारातून आले आहे. रुग्णालय असो वा न्यायालय, ‘डेलिगेट’ करणारा अडकलेलाच राहतो. कार्यालयात मात्र नेमके उलटे घडते. काम फसले की ‘मी ते डेलिगेट केले होते’ हे वाक्य ढालीसारखे पुढे येते.

कारकून

ढाल करणारा ‘असाइन’चीही करील. काम नेमून देणारा साहेब जबाबदारीतून मोकळा होतो, असे आपले म्हणणे आहे काय?

तळटीप

मोकळा होत नाही, पण तो आपल्या सूचनेसाठी उत्तरदायी असतो. ‘डेलिगेट’ करणारा दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयासाठी उत्तरदायी असतो. आउटलुक या ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मेलबॉक्ससाठी कोणाला ‘डेलिगेट’ नेमले आणि त्याने तिथून पत्र पाठवले, तर पाठवणाऱ्याच्या रकान्यात ‘अमुक, तमुकच्या वतीने’ अशी दोन नावे दिसू शकतात. ‘वतीने’ हा भाव ‘असाइन’मध्ये नाही.

कारकून

त्याच आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत ‘असाइन टास्क’ असे बटणही आहे. ते दाबून पाठवलेले काम समोरच्याने स्वीकारले की त्या कामाची मालकी त्याच्याकडे जाते. देणाऱ्याला आपल्याकडे फक्त एक प्रत ठेवता येते. ती अद्ययावत होत राहते, पण त्या कामात फेरफार करता येतो तो नव्या मालकालाच. समोरच्याला काम नाकारण्याचीही सोय आहे, आणि नाकारले तर ते देणाऱ्याकडे परत येते. धागाकर्त्यांच्या व्याख्येत ‘असाइन’ केलेल्या कामाला ना मालकी मिळते ना नकाराचा हक्क. इथे दोन्ही मिळतात आणि बिचाऱ्या ‘डेलिगेट’ला मात्र दुसऱ्याच्या वतीने सही करावी लागते.