साइड इफेक्ट डॉक्टर कळवतील या भरवशावर राहायचं का?

वाटसरू: २०२३ च्या नोव्हेंबरअखेर औषधांच्या साइड इफेक्टवर नजर ठेवणाऱ्या गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अ‍ॅसिडवर अलर्ट काढला, पाळीत पोट दुखलं की आपल्याकडे सर्रास घेतात तीच गोळी, तिने ड्रेस नावाची गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते म्हणून. गोळी बाजारात कित्येक दशकं आहे हो! पुरळ, ताप, लिव्हरला त्रास, आणि हे सगळं दोन ते आठ आठवड्यांनी, मग संबंध जोडणार कोण? डॉक्टरच्या मनात आलं तर साइड इफेक्ट कळवायचा फॉर्म भरेल ही पद्धत मोडीत काढा आणि अमेरिकेच्या सेंटिनेलसारखं हॉस्पिटल नि इन्शुरन्सच्या रेकॉर्डमधून शोधा.

वॉर्डड्यूटी: मोडीत काय काढा? तो अलर्ट आला कुठून, असल्या फॉर्मांतूनच ना. ड्रेस इतकी दुर्मीळ आहे की वॉर्डात पेशंट बघणाऱ्यालाच आधी वाटतं, अरे हे काहीतरी वेगळं दिसतंय. आणि सिद्ध काही करायचं नसतं, संशय पुरतो. पेशंटची आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी, कुठल्या औषधाने, कळवणारा कोण, झालं.

वाटसरू: आणि व्हायॉक्स? संधिवाताच्या दुखण्यावरचं औषध, १९९९ ला आलं, २००४ ला हार्ट अटॅकच्या धोक्यापायी कंपनीनेच मागे घेतलं. साठीतल्या संधिवाताच्या पेशंटला अटॅक आला तर गोळीवर संशय कोण घेणार, वय झालं म्हणतात नि सोडून देतात. शिवाय एकूण गोळी घेतली किती जणांनी हा आकडाच फॉर्मात नसतो, मग धोका वाढला की नाही ते कशावरून ठरवणार?

काउंटरवाला: दोघांनाही दंडवत. रेकॉर्ड आणणार कुठून? गिऱ्हाईक रिकामी स्ट्रिप दाखवतं, 'हीच द्या दोन', चिठ्ठी नाही, बिल नको. मी कात्रीने दोन गोळ्या कापून देतो आणि बॅच नंबर माझ्याकडच्या तुकड्यावर राहतो. घ्या आता शोधून कॉम्प्युटरमध्ये.

साखरसम्राट: कळवा कळवा म्हणता, पुढे काय होतं ते पण बघा. २०१३ च्या जूनमध्ये सरकारने डायबिटीसचं पायोग्लिटाझोन बंद केलं, मूत्राशयाच्या कॅन्सरची भीती म्हणून, आणि जुलै संपता संपता बंदी उठवून इशारा छापा म्हणाले. बाबांची शुगर त्याच गोळीवर नीट होती, मधल्या मधे दुसरी सुरू केली आणि हायपो, म्हणजे शुगर एकदम खाली, होऊन बसले.

वॉर्डड्यूटी: तो निर्णय घेणाऱ्यांचा घोळ, कळवणाऱ्यांचा नाही. बाबांचा हायपोसुद्धा कळवता आला असता. पेशंटसाठी वेगळा फॉर्म आहे, मराठीतही आहे, नाहीतर १८००-१८०-३०२४ वर टोल फ्री फोन.

वाटसरू: पेशंटने कशाला? कंपन्यांना विचारा. नव्या औषधाला पहिली दोन वर्षं सहा-सहा महिन्यांनी आणि पुढची दोन वर्षं वर्षाला एक सेफ्टी रिपोर्ट द्यावाच लागतो.

काउंटरवाला: अहो तो नव्या औषधांचा नियम. तुम्ही धागा काढलाय जुन्या गोळीवर.