जेझुइट कॉलेजातलं बी-स्कूल: आराखड्यात 'काय बंद करणार' हे पान कुठे आहे?

अर्धविराम

अमेरिकेतल्या एका जेझुइट (जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) कॉलेजच्या बिझनेस स्कूलमध्ये मी शिकवतो. पुढल्या पाच वर्षांच्या स्ट्रॅटेजिक प्लॅनचं काम सध्या जोरात आहे आणि मीही त्या समितीत अडकलोय. मसुद्याच्या पहिल्या पानावर जेझुइटांचा संस्थापक संत इग्नेशियस आणि 'क्युरा पर्सोनालिस', म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याकडे माणूस म्हणून लक्ष देणं. दुसऱ्या पानापासून ॲनालिटिक्सची नवी पदवी, ऑनलाइन एमबीए, उद्योगांशी करार, रँकिंगमध्ये वर सरकणं. पहिल्या पानाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. प्रत्येक विभागाने आपापलं घोडं पुढे दामटलंय आणि कुणाचंच कलम कापलं गेलेलं नाही. मिशनच्या, म्हणजे संस्थेच्या ध्येयाच्या, वाक्यात किती विशेषणं असावीत यावर अख्खी बैठक गेली. संध्याकाळच्या एमबीएला मुलं का येत नाहीत, हा विषय मात्र चहाच्या वेळेत उरकला.

माझं म्हणणं असं: जेझुइट असण्याचा खरा उपयोग नवीन काय सुरू करायचं हे ठरवताना फारसा होत नाही. ॲनालिटिक्स सगळेच शिकवतात. उपयोग होतो तो काय सोडायचं हे ठरवताना. आणि त्यासाठीची पद्धत या मंडळींकडे पहिल्यापासून आहे.

१५३९ साली रोममध्ये इग्नेशियस आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांपुढे प्रश्न होता: आपण संघ म्हणून एकत्र राहायचं का, आणि आपल्यातल्याच एकाची आज्ञा मानायची का? दिवसा प्रवचनं, रुग्णसेवा वगैरे नेहमीची कामं चालूच, विचारविनिमय रात्री. नियम कडक होते. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, दुसऱ्याला पटवायला जायचं नाही. आपण या गटातले नसून बाहेरचे आहोत असं धरून प्रश्नाकडे बघायचं. मग एका दिवशी सगळ्यांनी फक्त विरोधातली कारणं मांडायची, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. म्हणजे ज्याला ती गोष्ट हवीच आहे त्यालाही एक दिवस तिच्या विरोधात बोलावं लागायचं. साधारण तीन महिन्यांत निर्णय झाला, पुढच्या वर्षी पोपची मान्यता मिळाली.

प्रत्येक अभ्यासक्रमाला हे लावा. विभागप्रमुखानेही एक दिवस स्वतःच्या अभ्यासक्रमाविरुद्ध बोलायचं. त्यातून जे टिकेल ते आराखड्यात. बोला.

हिशेबनीस

असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात.

२००७ मध्ये अमेरिकेत ४३ लाखांवर मुलं जन्मली. त्यानंतर मंदी आली, आकडा घसरत गेला आणि २०१९ पर्यंत साडेसदतीस लाखांच्या आसपास आला. २००७ ची मुलं २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. म्हणजे उतार आता सुरू झालाय आणि तो पुढची कित्येक वर्षं ठरलेला आहे; जी मुलं जन्मलीच नाहीत त्यांना कुठलंही मार्केटिंग आणू शकत नाही. त्यात खाजगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी ५० टक्क्यांहून जास्त सूट देतात. हातात काय पडतं ते बघा.

अशा कॉलेजात बी-स्कूल ही दुभती गाय असते. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, इतिहास यांचे पगार बऱ्याच अंशी तिच्यावर निघतात. तिच्यासमोर बसून तीन महिने चिंतन करायचं, तर डीन आधी चाऱ्याचं काय ते विचारेल, आणि बरोबरच विचारेल. जी कलमं तुम्हाला नीरस वाटतात (ऑनलाइन, ॲनालिटिक्स, करार) त्यांच्यामुळेच पहिल्या पानावरचा इग्नेशियस शिल्लक राहणार आहे.

तिरकस

'गरिबांसोबत वाटचाल' हे कलम आहे ना मसुद्यात? नसणार कसं! २०१९ मध्ये जेझुइटांनी दहा वर्षांसाठी चार जागतिक अग्रक्रम जाहीर केले: अध्यात्मसाधनेतून देवाची वाट दाखवणं, वंचितांसोबत चालणं, तरुणांची सोबत, पृथ्वीची काळजी. तेव्हापासून प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात ती चार चित्रं असतात, आणि खाली 'प्रीमियम एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम'.

इग्नेशियसच्या काळात यांच्या शाळा फी घेत नसत, दात्यांच्या देणग्यांवर चालत. अमेरिकेत ते जमेना म्हणून १८३३ मध्ये रोमकडून खास सवलत घेऊन फी सुरू केली. सवलतीचा नियम झाला, नियमाचा धंदा झाला. धंद्याच्या शाळेला निदान ते उघड बोलायला लाज वाटू नये.

अर्धविराम

@तिरकस, इग्नेशियसच्या साधनेच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक सूचना आहे: समोरच्याच्या म्हणण्याचा आधी शक्य तितका चांगला अर्थ लावावा. तुमच्या प्रतिसादावर तो प्रयोग करून पाहिला. फार वेळ लागला. :)

@हिशेबनीस, आकडे मान्य. पण ते माझ्याच बाजूने जातात. मुलं कमी होत असताना कलमं वाढवत नेणं याला काय म्हणायचं? इलिनॉय विद्यापीठाच्या गीस कॉलेजने २०१९ मध्ये आपला वर्गात बसून करायचा एमबीए बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सगळं बळ स्वस्त ऑनलाइन एमबीएवर लावलं. जेझुइट नाहीत, सरकारी आहेत. तरी त्यांना सोडणं जमलं.

हिशेबनीस

गीसचं उदाहरण देताय तर पुरतं द्या. त्यांच्यामागे अवाढव्य सरकारी विद्यापीठ होतं, आणि ऑनलाइन एमबीए आधीच २०१६ पासून चालू होता, भरत होता. त्यांनी आधी दुसरा पाय टेकवला, मग पहिला उचलला. तुमच्यासारख्या मध्यम आकाराच्या कॉलेजने दोन्ही पाय एकदम उचलायचे का?

माजी झेवियराइट

सोडण्याबद्दल बोलताय, पण पकडण्याबद्दल कुणी बोलत नाहीये.

जमशेदपूरचं एक्सएलआरआय, जेझुइटांचंच बी-स्कूल, १९४९ चं. नावातच 'लेबर रिलेशन्स' आहे. पोलादाच्या गावात, कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात रोज काहीतरी पेटलेलं असताना जेझुइटांनी नेमका तो प्रश्न उचलला. सगळं थोडंथोडं शिकवायला गेले नाहीत. आज एचआर म्हटलं की भारतात त्यांचंच नाव आधी येतं, ते त्या पहिल्या निवडीमुळे. आयआयएम तर तेव्हा अस्तित्वातही नव्हती.

अमेरिकेतही तेच. मार्क्वेट आणि सेंट लुइस या जेझुइट विद्यापीठांची बिझनेस स्कूलं १९१० ची, फोर्डमचं १९२० चं, तेही हिशेब शिकवण्यापासून सुरू झालेलं. आयरिश, इटालियन, पोलिश स्थलांतरितांच्या पोरांना ऑफिसात नोकरी मिळावी ही गरज समोर होती. 'नेतृत्व घडवणं' हा शोध नंतरचा. तेव्हा प्रश्न असा विचारा: आज आपल्या शहरात त्या पोरांच्या जागी कोण आहे? उत्तर मिळालं की अर्धा आराखडा आपोआप लिहून होतो.

दीपाली न

मी अकाउंटिंग शिकवते, ॲक्रेडिटेशनची (बाहेरच्या संस्थेकडून मिळणाऱ्या मान्यतेची) कागदपत्रं वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात. दोन मुद्दे.

एक, मिशन आणि ॲक्रेडिटेशन यांचं भांडण आहे असं इथे सगळे धरून चाललेत. बी-स्कूलांना ॲक्रेडिटेशन देणाऱ्या एएसीएसबी या संस्थेचा पहिलाच निकष स्ट्रॅटेजिक प्लॅनिंगचा आहे, आणि २०२० च्या निकषांत समाजावर होणारा परिणाम दाखवा असं स्पष्ट म्हटलंय. पाहणीला येणारे लोक विचारतात: तुम्ही म्हणता तसं वागता का, पुरावा काय? तेव्हा 'ॲक्रेडिटेशनमुळे मिशन बाजूला ठेवावं लागतं' हे सांगणारा डीन बहुधा निकष न वाचता बोलत असतो.

दुसरा मुद्दा अर्धविराम यांना आवडणार नाही. त्या १५३९ च्या पद्धतीला एक पूर्वअट होती. इग्नेशियस सांगतो की निवड करायला बसण्याआधी माणूस दोन्ही पर्यायांबाबत मोकळा हवा, तराजूचा काटा मधोमध हवा. आमच्याकडे 'डिसर्नमेंट' (असा मिळून, चिंतन करून निर्णय घेणं) कधी निघतं? निर्णय वर झालेला असतो तेव्हा. एका ठिकाणी (नाव नको) एक विभाग बंद झाला. आधी सहा आठवडे वर्तुळात खुर्च्या मांडून 'आपल्याला आत काय जाणवतंय' हे ऐकून घेतलं गेलं. सल्लागाराचा अहवाल त्याआधीच आला होता, त्यात त्या विभागाची रेघ मारलेली होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच, वर त्यांना प्रार्थनेची भाषा ऐकावी लागली. सरळ सांगितलं असतं की पैसे नाहीत, तर निदान अपमान झाला नसता.

तुमची पद्धत चांगली आहे म्हणूनच ती चुकीच्या हातात फार वाईट.

तिरकस

दीपालीताई, दंडवत.

रात्रीचा वर्ग

आराखडा, मिशन यांत मला गती नाही. मी फायनान्सचा कंत्राटी मास्तर, दिवसा बँकेत. पण मिशन कुठे दिसतं म्हणाल तर असं.

कॅपिटल बजेटिंगला (मोठी गुंतवणूक करायची की नाही ते ठरवणं) एक नेहमीचं गणित असतं: जुना कारखाना चालू ठेवायचा की बंद करायचा. पुढच्या वर्षांचा रोख ओघ मांडा, डिस्काउंट रेट लावून आजच्या किमतीत आणा, एनपीव्ही (आजच्या किमतीतला निव्वळ फायदा) काढा. कामगारांना द्यायची नुकसानभरपाई ही एक ओळ, एकदाच येणारा खर्च. मुलं ती ओळ भरून पुढे जातात. मी तिथे थांबवतो. म्हणतो, आता दुसरी शीट उघडा आणि त्याच निर्णयाचा खर्च कंपनीबाहेर कुणाकुणावर पडतो ते लिहा: गावाचा मालमत्ता कर, शाळेचा निधी, बावन्न वर्षांचा फिटर ज्याला तसा पगार पुन्हा मिळणार नाही. दर कोणता लावणार? कंपनीचाच का? इथे वर्ग जागा होतो. काही मुलं शेवटी 'बंदच करा' म्हणतात. म्हणू देत, पण दुसरी शीट भरून म्हणतात.

हे माझ्या अभ्यासक्रमाच्या कागदात कुठेही नाही. मी गेलो की दुसरी शीट गेली. आराखड्यात यायचं तर हे यावं, चार चित्रं नकोत.

हिशेबनीस

रात्रीचा वर्ग यांचा प्रतिसाद आवडला. पण एक विचारतो: हे जेझुइट कसं? कुठलाही चांगला शिक्षक हे करेल.

माजी झेवियराइट

करेल, पण त्याची मर्जी. जेझुइट संस्थेत ती मर्जीची बाब राहू नये, एवढाच फरक. १९७४–७५ च्या त्यांच्या महासभेने श्रद्धा आणि न्याय वेगळे काढता येत नाहीत असं ठरवलं, ते फक्त धर्मशास्त्राच्या विभागापुरतं नव्हतं.

आणि आता हे धरून ठेवणारं कोण? साठच्या दशकात जगात ३६ हजारांच्या आसपास जेझुइट होते, आज १५ हजारांहूनही कमी. बहुतेक बी-स्कूलांत शिकवणारे फादर एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. मिशन फादर सांभाळतील, आपण कोर्स सांभाळू, ही वाटणी संपली. मग नव्या प्राध्यापकाला नेमताना काय विचारता, बढतीत काय मोजता, हे आराखड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पान ठरतं, आणि ते बहुधा परिशिष्टात असतं.

अर्धविराम

दीपालीताई, तुमचा दुसरा मुद्दा लागला. म्हणून प्रस्तावात भर घालतो: सल्लागाराचा अहवाल, पैशाचा ताळेबंद, प्रवेशाचे आकडे, जे वर माहीत आहे ते सगळं पहिल्या बैठकीआधी सगळ्यांच्या हातात. आणि निर्णय आधीच झाला असेल तर डिसर्नमेंट करायचंच नाही, साधं परिपत्रक काढायचं.

हिशेबनीस, दुसरा पाय आधी टेकवण्याचं म्हणाल तर: लोयोला शिकागो या जेझुइट विद्यापीठाने २०१५ मध्ये अरुपे कॉलेज काढलं. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं, दोन वर्षांची असोसिएट पदवी, त्यात बिझनेसही, आणि डोक्यावर कर्ज जवळजवळ नको हा हेतू. माजी झेवियराइट विचारतात ना आज ती पोरं कोण, त्याचं हे एक उत्तर. तसं काही उभं करायचं तर माणसं आणि पैसा कुठून तरी मोकळा करावा लागेल. म्हणून म्हणतो, आधी सोडायची यादी.

हिशेबनीस

अरुपे चांगलंच आहे, पण ते देणगीदारांच्या जोरावर चालतं, आणि देणगीदार तेच ज्यांनी कधीकाळी तुमच्या 'नीरस' बी-स्कूलमधून पदवी घेऊन पैसा केला. ही साखळी तुमच्या प्रस्तावात कुठेच नाही.

माझ्याकडून एक अट घाला. प्रत्येक अभ्यासक्रमापुढे तीन आकडे लिहा: त्यातून निव्वळ किती उरतं, त्यात पेल ग्रँटवाली (कमी उत्पन्नाच्या घरांसाठी सरकारी मदत मिळणारी) मुलं किती टक्के, आणि बाहेर पडताना सरासरी कर्ज किती. मग घ्या तुमचा विरोधाचा दिवस आणि बाजूचा दिवस. हे तीन आकडे समोर नसतील तर मी दोन्ही दिवशी विरोधातच बोलेन.

दीपाली न

तीन आकडे माझ्याकडे आहेत, म्हणजे आमच्या कॉलेजचे. पहिला आणि दुसरा एकमेकांच्या उलट जातात. सगळ्यात जास्त उरतं तिथे पेलवाली मुलं सगळ्यात कमी. अशा वेळी दोन्हींत मध्यम असलेला अभ्यासक्रम आधी कापला जातो, कारण त्याच्या बाजूने बोलायला ना पैसा असतो ना मिशन. अर्धविराम, त्याचं काय करणार ते आधी ठरवा.

अर्धविराम

आमच्याकडे तो संध्याकाळचा एमबीए आहे. आणि तो मीच शिकवतो, म्हणजे विरोधाच्या दिवशी पहिली पाळी माझी.